आप्पा परत जातील का?

झिंडेलफिंगेनमध्ये कुणी माझं गाव विचारलं, की हल्ली मी नुसतं गुहागर म्हणून थांबत नाही. 'किल्ला' पाहिलात का, असं विचारते. अविनाश अरुण यांचा हा पहिला चित्रपट आमच्या गुहागर परिसरात चित्रित झाला. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला अकरा वर्षांचा चिन्मय, त्याचे नवे सवंगडी, पाऊस, खेकडे आणि किल्ला, एवढीच गोष्ट. २०१४ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळानं त्याला 'क्रिस्टल बेअर' दिला. इथल्या मुलांना आमचा किनारा इतका आवडला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

चिन्मय त्या गावात पाहुणा होता, म्हणून त्याला समुद्र आणि किल्ला आधी दिसला. आम्हा घरच्यांना आधी आगर दिसतं. गुहागर म्हणजे एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं. समुद्राकडच्या घरांमागे माड-पोफळीची आगरं, त्यापलीकडे सुरूचं बन आणि मग वाळू. आमच्या लहानपणी लाटांच्या आवाजाइतकाच पंपाचा आवाज ओळखीचा होता. पाऊस संपला की शिंपणं सुरू, ते थेट पुढच्या पावसापर्यंत. पोफळीला पाणी चुकवून चालत नाही. सुपारी उतरवली की खळ्यात महिना-दीड महिना वाळवायची, अवकाळी ढग दिसला की धावत जाऊन झाकायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, यामुळे एकाही लग्नाला दोन दिवसांपेक्षा जास्त थांबले नाहीत. माझ्या लग्नात वऱ्हाड निघायच्या आधी त्यांनी पंप बंद झाल्याची खात्री करून घेतली होती.

हे सगळं सांगायचं कारण, या वर्षी आप्पांना जर्मनीत यायचं होतं. आम्हाला इथे बारा वर्षं झाली. आई दोनदा येऊन गेली. आप्पा कधीच नाही. यंदा नातीच्या आग्रहामुळे तयार झाले. पावसात शिंपण्याचं काम नसतं, म्हणून जुलैचे तीन आठवडे ठरले. गणपती २७ ऑगस्टला, त्याआधी घर सारवून-रंगवून व्हायला हवं, म्हणून परतीचं तिकीट त्यांनी स्वतःच तारीख सांगून काढायला लावलं. आम्ही हमीपत्र केलं, तीस हजार युरोंचा विमा काढला, नव्वद युरो फी भरली. सातबाऱ्याचं भाषांतर करून घेतलं. 'पोटखराबा' या शब्दापाशी भाषांतरकार अडला, तेव्हा आप्पांनी फोनवरून त्याची शिकवणी घेतली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नकार आला. छापील कारणांच्या यादीत एका चौकोनावर खूण: मुदत संपण्यापूर्वी अर्जदार देश सोडून जाईल, याबद्दल रास्त शंका आहे.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. गणपतीला कोकणी माणूस घरी नसेल, अशी शंका! मुंबईहून त्या दिवसांत रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात, त्या काय हौसेखातर? चाळीस वर्षांत ज्यांनी दोन रात्रींवर घर सोडलं नाही, ते पोफळी वाऱ्यावर टाकून झिंडेलफिंगेनच्या तिसऱ्या मजल्यावर लपून राहणार?

पूर्वी अशा नकारावर विनाशुल्क फेरविचाराचा अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीनं ती सोय जगभर बंद केली. आता नव्यानं अर्ज करा, नाहीतर महिन्याच्या आत बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावा. आमच्या किनाऱ्याच्या सिनेमाला बर्लिननं बक्षीस दिलं आणि किनाऱ्यावरच्या माणसाला बर्लिनच्या कोर्टाची वाट दाखवली.

राग एकट्या आप्पांपुरता नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये चॅन्सेलर शोल्त्स दिल्लीला गेले, तेव्हा कुशल भारतीयांचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत नेण्याची घोषणा झाली होती. हात हवेत, पण त्या हातांना जन्म देणारे आईवडील दारात थांबवायचे. १ मार्च २०२४ पासून कुशल कामगारांना आईवडील कायमचे आणता येतात, पण ज्यांना पहिला परवाना त्या तारखेनंतर मिळाला त्यांनाच. त्याआधी येऊन इतकी वर्षं कर भरणारे आपण त्यात नाही. ज्यांना हक्क आहे, त्यांनाही पालकांचा आरोग्य विमा मिळवताना नाकी नऊ येतात.

फेब्रुवारीत अमेरिकेनं १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानानं अमृतसरला उतरवलं, तेव्हा आपल्यातलेच काही म्हणाले, "ते बेकायदा गेले होते, आपला काय संबंध?" देशानं नियम लावावेत, मुदत संपलेल्याला परत पाठवावं, हे मलाही मान्य आहे. पण माणसाला बेड्या न घालताही परत पाठवता येतं. आणि आप्पांनी तर एकही नियम मोडला नव्हता. कागद सगळे खरे होते. तरी संशय आलाच. एकदा परका म्हणजे संशयित असं ठरलं, की कायदेशीर-बेकायदेशीर ही रेघ आपण समजतो तितकी जाड राहत नाही.

आप्पांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "त्यांना सांग, मी परत जाईन की नाही हे पोफळीला विचारा." आणि विषय बदलला. आईनं नंतर सांगितलं, की नव्या चपला त्यांनी खोक्यातच ठेवल्यात.

आम्ही पुन्हा अर्ज करणार आहोत. या वेळी सातबाऱ्यासोबत सुपारी विक्रीच्या पावत्या, बँकेचा उतारा आणि आगराच्या कामाचं महिनेवार वेळापत्रकही जोडणार. तुमच्यापैकी ज्यांच्या पालकांना असाच नकार आला असेल, त्यांनी नकारपत्र जपून ठेवा, तारीख लिहून ठेवा आणि दिवाळीनंतर मंडळात भेटा. दहा-पंधरा पत्रं एकत्र झाली, तर आपल्या मतदारसंघाच्या खासदारापुढे ठेवता येतील. जे आता जर्मन नागरिक झालेत, त्यांनी तर पुढे यायलाच हवं, कारण मत त्यांच्या हातात आहे.