शहरात आधी खोली की आधी शाळा?

बिडकीन आणि शेजारच्या गावांची जमीन औद्योगिक वसाहतीला गेली, काहींच्या हाती मोबदला आला. तेव्हापासून बैठकीत एक प्रश्न सारखा निघतो: लेकरांच्या शिक्षणासाठी संभाजीनगरला राहायला जावं का, आणि गेलं तर कुठल्या भागात?

बहुतेक घरांत आधी खोली ठरते. पाहुणे जवळ, भाडं परवडतं, मालकांना कंपनीची बस मिळते. शाळेचं नंतर बघू म्हणतात. आम्ही म्हणतो, दोन्ही एकाच वहीत मांडा. खोली पैठण रोडला स्वस्त मिळाली आणि शाळा सिडकोत घेतली, तर भाड्यात वाचलेला पैसा व्हॅनवाला नेतो. पहिलीतलं लेकरू रोज गर्दीतून लांबचा प्रवास करतं. लेकरू आजारी पडलं तर शाळेतून आणायला जाणार कोण? आईच ना! तिचा रोज बुडतो, तोही वहीत लिहा.

आता पंचवीस टक्क्यांचं, म्हणजे आरटीईचं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळेत पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत आहेत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे लागू नाही. वंचित गटातल्या जातींना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकाला वर्षाला एक लाखाच्या आत उत्पन्न लागतं. इथे पत्ता फार महत्त्वाचा. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना पहिला मान, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना, आणि अर्ज जास्त आले की सोडत. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणी केलेला, निदान अकरा महिन्यांचा आणि अर्ज भरण्याआधीचा लागतो. पाहुण्यांचा पत्ता देऊन चालत नाही, उघड झालं तर प्रवेश जातो. आणि हा प्रवेश पहिलीला किंवा त्याआधीच्या सुरुवातीच्या वर्गालाच. पोरगं तिसरीत असताना शहरात गेलात तर ही वाट बंद झालेली असते.

2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला होता: जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. तेव्हा कुणी जुनं काही सांगितलं तर ऐकून घरी बसू नका.

एक गोष्ट मात्र आधीच विचारा. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीची फी किती, हे पहिलीच्या प्रवेशाच्या वेळीच शाळेत विचारून वहीत लिहून ठेवा.

शाळा चांगली कशी ओळखायची? पाटी, टाय, इंग्रजी नाव यावरून नाही. ‘असर’चे लोक गावोगाव जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. तुम्हीही त्या शाळेतल्या ओळखीच्या पाचवीच्या मुलाला उतारा वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी घाला. एका वर्गात किती मुलं, तेही मोजा. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. मुलींचं स्वच्छतागृह उघडं असतं की कुलूप लावलेलं, हे स्वतः जाऊन बघा. महापालिकेची आणि अनुदानित शाळाही याच कसोटीवर बघा, मोफत आहे म्हणून आधीच नापास करू नका.

जाणं जरुरीचंच आहे का, हेही विचारा. गावची जिल्हा परिषदेची शाळा वरच्या कसोटीला उतरत असेल तर तिथेच शिकू द्या. पुढे ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत शाळेला जायला अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. गाडी शाळेच्या वेळेला येते का, एवढं चार दिवस स्टँडवर उभं राहून बघा.

आणि निघायचंच ठरलं तर दाखल्यापायी अडू नका. पहिली ते आठवीत दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.