साडेअठ्ठावीस मिलिमीटरचा पूल

डिसेंबरातल्या सकाळी राळेगणसिद्धीच्या शिवारात, पाझर तलावाच्या बांधावर बसलं की आधी बोटं गारठतात. त्यात हातात साठ वर्षांपूर्वीच्या बनावटीची लेन्स असेल तर विचारायलाच नको. तिचं फोकसचं कडं रबराचं नाही. सबंध धातूचं, खाचेदार. थंडीत ते बोटांना चावतं. पण सोडून चालत नाही, कारण ही लेन्स स्वतःहून काहीच करत नाही. फोकस आपण करायचा, ॲपर्चर आपण ठरवायचं आणि चुकलं तर बोलणीही आपणच खायची.

समोर वाळक्या बाभळीच्या शेंड्यावर वेडा राघू बसलाय. मी कडं फिरवतोय, तेवढ्यात मागून आवाज येतो.

“काय पाव्हणं, अण्णांचा फोटू काढाय आलात का?”

वळून पाहतो तर टोपी, धोतर, हातात काठी घेतलेले एक बाबा. “नाही बाबा, राघूचा काढतोय.”

“राघूचा?” ते शेंड्याकडे बघतात. “तो कशापायी उपोषणाला बसलाय?”

प्रश्न रास्त होता. टेलिफोटो लेन्सा या गावाला नव्या नाहीत. २०११ साली अण्णा हजारे यांच्या दिल्लीतल्या उपोषणांनंतर देशभरातले वृत्तछायाचित्रकार राळेगणच्या वाटेला लागले. त्या ऑक्टोबरात अण्णांनी गावातच मौन धरलं, तेव्हा बोलण्यासारखं काही नव्हतं, दिसण्यासारखंच काय ते होतं. त्या कॅमेऱ्यांवरच्या लेन्सा डोळ्याचं पातं लवायच्या आत फोकस पकडणाऱ्या. माझ्या हातातली निक्कोर-क्यू २०० मिलिमीटर, एफ ४ ही त्यांची आजी शोभावी अशी.

निकॉनने ही लेन्स १९६१ साली बाजारात आणली. नावातला ‘क्यू’ म्हणजे लॅटिनमधला चार. त्या काळी निकॉन लेन्समध्ये किती भिंगं आहेत ते नावातच सांगून टाकायची : टी म्हणजे तीन, क्यू चार, पी पाच, एच सहा. आज एका टेलिफोटो झूममध्ये वीस-वीस भिंगं असतात, मोटर असते, चिप असते, थरथर शोषणारी यंत्रणा असते. क्यूमध्ये चार भिंगं, ॲपर्चरची पाती, आटे आणि वंगण. बिघडायला यात फारसं काही नाहीच.

टेलिफोटो या शब्दाबद्दल एक गैरसमज आहे. लांबचं जवळ दाखवते ती टेलिफोटो, असं आपण सरसकट म्हणतो. खरं तर ते काम कुठलीही लांब फोकल लेंथची लेन्स करते. टेलिफोटोची युक्ती वेगळी : पुढे किरण एकत्र आणणारा भिंगांचा संच, मागे ते थोडे पसरवणारा संच. त्यामुळे नळी फोकल लेंथपेक्षा आखूड राहते आणि हातात धरता येते. गॅलिलिओच्या दुर्बिणीची मांडणीही हीच, पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल. १८९१ साली लंडनमध्ये डॉलमायर, जर्मनीत मीथे आणि श्टाइनहाइल असे तिघे जण एकमेकांच्या नकळत या मांडणीपाशी पोचले आणि कॅमेऱ्याला लांबचं दिसू लागलं.

मग अशा लेन्सा अडगळीत का गेल्या? काच खराब झाली म्हणून नव्हे. त्यांना जोडायचे कॅमेरे बदलले म्हणून.

प्रत्येक कॅमेऱ्याचं एक ठरलेलं माप असतं : लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून, म्हणजे माउंटपासून, फिल्मपर्यंतचं किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांमध्ये मधे आरसा हलायचा, त्याला जागा लागायची, म्हणून हे अंतर मोठं. निकॉनच्या १९५९ च्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर. पेंटॅक्स, प्रॅक्टिका आणि रशियन झेनिट यांच्या आट्याच्या एम ४२ मध्ये ४५.४६, कॅननच्या एफडीमध्ये ४२. लेन्स बनवताना तिचा प्रकाश नेमका तेवढ्याच अंतरावर गोळा होईल असा हिशेब केलेला असतो. एका घराची लेन्स दुसऱ्या घरी नांदत नाही ती यामुळे. १९८७ साली कॅननने ऑटोफोकससाठी ईओएस मालिका आणली आणि तिच्यासोबत ४४ मिलिमीटरचं नवं माउंट. एफडीच्या चांगल्या चांगल्या लेन्सा एका रात्रीत पोरक्या झाल्या. दोन मिलिमीटरचा फरक, पण तेवढ्याने दूरचं काहीही फोकसमध्ये येईना.

२००८ साली पॅनासॉनिकने जी १ आणला आणि गणित उलटलं. या कॅमेऱ्यात आरसाच नव्हता. आरसा गेला तशी त्याची जागाही गेली आणि माउंट सेन्सरच्या जवळ सरकलं. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिलिमीटर, फुजीच्या एक्समध्ये १७.७, निकॉनच्या झेडमध्ये १६, कॅननच्या आरएफमध्ये २०. आता लेन्सला जास्त अंतर लागतं आणि कॅमेऱ्यात कमी आहे, म्हणजे उरलेलं अंतर भरून काढता येतं. माझ्या क्यूला ४६.५ हवेत, सोनीत १८ आहेत. उरले २८.५. तेवढ्या लांबीची एक पोकळ धातूची नळी दोघांच्या मध्ये बसवली की झालं. तिच्यात काच नाही, तार नाही. तिलाच अडाप्टर म्हणतात.

नळी साधी असली तरी माप साधं नाही. मी घेतलेला पहिला अडाप्टर स्वस्तातला होता. विकणाऱ्याने “एकदम फिट बसतो” म्हणून हातात ठेवला आणि बसलाही. जवळचे पक्षी सुरेख यायचे. टेकडी मात्र कायम धुरकट. आधी वाटलं धुकं, मग वाटलं भिंगाला बुरशी. शेवटी गणित मांडलं. २०० मिलिमीटरच्या लेन्सला अडाप्टर दोन दशांश मिलिमीटर जाड निघाला, म्हणजे साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढा, तर तिचा फोकस २०० मीटरच्या पलीकडे जातच नाही. कडं टोकाला टेकतं आणि डोंगर तिथेच अडतो. अडाप्टर केसभर आखूड असेल तर चालतं. लेन्सवर लिहिलेले अंतराचे आकडे तेवढे चुकतात, आणि ते आकडे बघून फोटो काढतो कोण?

या लेन्सा शोधायच्या तर नव्या दुकानात जाऊन उपयोग नाही. मुंबईत फोर्टातली बोरा बाजारची गल्ली, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, नाहीतर कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओचं कपाट. आयातीवर बंधनं होती त्या काळात सोव्हिएत आणि पूर्व जर्मन माल आपल्याकडे तुलनेने सहज यायचा. त्यामुळे झेनिट आणि प्रॅक्टिकाच्या आट्याच्या लेन्सा अजून हाती लागतात. घेताना एवढंच करावं : लेन्सच्या एका टोकातून टॉर्च मारायचा आणि दुसऱ्या टोकातून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. पात्यांवर ओलसर चमक दिसली तर वंगण उतरलंय, पाती अडखळणार. कडं फिरवताना कुठे घट्ट, कुठे सैल लागत असेल तर आट्यातलं वंगण वाळलंय. ते बदलून मिळतं. काचेवरचं लेपन खाल्लेली बुरशी मात्र पुसली तरी वळ ठेवून जाते. याबाबतीत राळेगणच्या पारनेर तालुक्याचं हवामान लेन्सच्या बाजूचं. कोकणातल्या दमट कपाटात बुरशी फोफावते, इथल्या कोरड्या हवेत तिचं फारसं चालत नाही. इथला वैरी धूळ. लेन्स बदलायची तर वाऱ्याला पाठ करून.

वापरताना पहिला धक्का कॅमेराच देतो : लेन्सच नाही म्हणून बटण दाबायला नकार. बिचाऱ्याला तारेतून काही कळत नाही, म्हणून समोर काही नाहीच असं तो धरून चालतो. मेनूत जाऊन ‘लेन्सविना शटर’ची परवानगी द्यावी लागते. कॅमेऱ्याच्या आत थरथर आवरणारी यंत्रणा असेल तर तिला २०० हा आकडा हाताने सांगावा लागतो. त्यानंतरचं सगळं आपलं. ॲपर्चरचं कडं फिरवलं की पाती लगेच मिटतात आणि पडद्यावर ते जसंच्या तसं दिसतं. फोकस जिथे लागला तिथे कडांवर रंगीत रेघ उमटते, तिला फोकस पीकिंग म्हणतात. पण २०० मिलिमीटरला तिच्यावर पूर्ण विसंबू नये. गवताच्या काड्या तिला फार आवडतात, सगळीकडे लाल करून ठेवते. चित्र मोठं करून डोळ्याची कड बघावी, तेच खरं.

गोची आहे ती खोलीची. माझ्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एफ ४ ला आठ मीटरवरच्या पक्ष्याभोवती स्पष्ट दिसणारा पट्टा असतो जेमतेम वीतभर. तीन मीटरवर दोन बोटं. उडत्या पक्ष्यामागे कडं फिरवत धावायचं म्हणजे वाऱ्यामागे धावणं. म्हणून या लेन्सवाले धावत नाहीत, पक्ष्याची सवय शिकतात. वेडा राघू शेंड्यावरून झेपावतो, हवेतच माशी टिपतो आणि पुन्हा त्याच शेंड्यावर येऊन बसतो. कीटक फांदीवर आपटतो, नांगी झटकतो, गिळतो. तेव्हा फोकस राघूवर करायचाच नाही. रिकाम्या शेंड्यावर करायचा आणि बसून राहायचं.

लेन्सचे दोषही सांगायला हवेत. पांढऱ्या आभाळापुढे काळी फांदी आली की कडेला जांभळी झालर दिसते. वेगवेगळे रंग एकाच जागी आणणारी खास काच या लेन्समध्ये नाही. कॅननने फ्लोराइट वापरलेली लेन्स १९६९ साली काढली, निकॉनची ईडी काच त्यानंतरची. ॲपर्चर एफ ८ ला नेलं की रेखीवपणा वाढतो, उरलेली झालर संगणकावर पुसता येते. सूर्य समोर आला तर एकेरी लेपनाची काच फिकी पडते. आणि सकाळी दहा-अकरानंतर तर कुठलीच लेन्स कामाची नाही. माळावरची हवा थरथरायला लागते आणि टेलिफोटो ती थरथरसुद्धा जवळ आणून दाखवते.

हे सगळं करायला राळेगणच का? कारण बघण्यासारखं काही इथे उरलंय आणि ते आपोआप उरलेलं नाही. हे पर्जन्यछायेचं गाव. अण्णा १९७५ साली लष्करातून परतले, तेव्हा टेकड्या बोडक्या होत्या. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही गावाची पंचसूत्री. त्यातल्या चराईबंदीने आणि कुऱ्हाडबंदीने उतारांवर गवत धरलं, नाला बंडिंगने आणि पाझर तलावांनी पाणी. गवत आलं की कीटक येतात आणि कीटकांमागे राघू, खाटीक, चंडोल. आभाळातून काही जास्त पडलं नाही. पडत होतं तेच मधे कुठेतरी अडवायला हवं होतं. त्या बांधावर बसून अडाप्टरकडे पाहिलं की हसू येतं. प्रकाशही जुनाच, काचही जुनीच. मधलं अंतर तेवढं भरायचं राहिलं होतं.

बाबा अजून उभेच आहेत. “ह्यातून दिसतं का लांबचं?” मी कॅमेरा त्यांच्या हाती देतो, डोळा कुठे लावायचा ते दाखवतो. मेनू, पीकिंग, काहीच सांगत नाही. ते डोळा लावतात. “समदं धुरकाटलंय की.” मी त्यांचा डावा हात खाचेदार कड्यावर ठेवतो. ते कडं थोडं पुढे नेतात, थोडं मागे घेतात, पुन्हा पुढे, पण कमी. पिकाला पाण्याचं बारं देणारा हात आहे, कधी थांबायचं ते त्याला ठाऊक आहे.

“आला. आला बघा... डोळा लाल हाय त्याचा!”

एवढ्यात राघू उडतो. मी म्हणतो, “बाबा, कडं आता हलवू नका. तो तिथंच येतो.”

“म्या कशाला हलवतोय,” ते डोळा न काढता म्हणतात. “पाण्याच्या कॉकावानी हाय हे. एकदा बेताचं लागलं की हात काढून घ्यायचा.”

आणि आम्ही दोघं रिकाम्या शेंड्याकडे बघत थांबतो.