ओंडक्यातून प्राणिशिल्प : साखळी-करवतीचे तंत्र आणि परभणी जिल्ह्यातील सुतारांचे काष्ठज्ञान

प्रस्तावना

परभणी हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील काळ्या कसदार जमिनीचा जिल्हा होय. राज्यात सर्वांत कमी वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांमध्ये त्याची गणना होते. येथील वृक्षसंपदा प्रामुख्याने शेताच्या बांधावर, रस्त्यांच्या कडेला, गावठाणात आणि शैक्षणिक संस्थांच्या आवारात आढळते. कडुनिंब, बाभूळ, चिंच, आंबा आणि सुबाभूळ ही त्यांतील परिचित झाडे. वादळात असे एखादे जुने झाड उन्मळून पडले की त्याचे सरपण होण्यास काही तास पुरतात. पन्नास-साठ वर्षांत वाढलेल्या बुंध्याला याहून वेगळा उपयोग असू शकतो, हा विचार सहसा होत नाही.

साखळी-करवतीने ओंडक्यातून प्राण्यांची शिल्पे घडविणे हा असा एक उपयोग आहे. ही कला मूळची या जिल्ह्यातील नाही. परंतु तिला लागणारे लाकडाचे ज्ञान मात्र येथील सुतारांजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. प्रस्तुत लेखात या कलेचे तंत्र स्पष्ट करून, तिचे यश यंत्रापेक्षा या ज्ञानावर कसे अवलंबून आहे, याचे विवेचन केले आहे.

साखळी-करवतीचा विकास

साखळीवर दाते बसवून कापण्याची कल्पना प्रथम शल्यचिकित्सेत अवतरली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या वैद्यांनी हाड कापण्यासाठी हाताने चालणारी दातेरी साखळी वापरली. जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. आरंभीची ही यंत्रे इतकी जड होती की ती चालविण्यास दोन माणसे लागत.

पुढील महत्त्वाची सुधारणा एका किड्याच्या निरीक्षणातून झाली. अमेरिकेतील लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणारी एका भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती आपल्या वक्र जबड्यांनी आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे कापत पुढे सरकत होती. त्याच धर्तीवर त्याने डाव्या-उजव्या दात्यांची साखळी बनविली आणि १९४७ मध्ये तिचे उत्पादन सुरू केले. आजच्या बहुतेक साखळ्या याच रचनेच्या आहेत. यंत्र हलके व एकहाती झाल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील जंगलपट्ट्यात त्याचा शिल्पासाठी वापर वाढला. अस्वल, घुबड, गरुड हे तेथील नेहमीचे विषय ठरले.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

साखळी-करवतीत दोन टप्प्यांचे लहान इंजिन असते. पोलादी पट्टीभोवती साखळी सेकंदाला सुमारे वीस मीटर वेगाने फिरते. प्रत्येक दात्यापुढे एक छोटा उंचवटा असतो. दाता लाकडात किती खोल शिरावा, हे तो ठरवितो. कोरीव कामासाठी पट्टीचे टोक मुद्दाम अरुंद ठेवलेले असते, त्यामुळे लहान वळणे घेता येतात.

शिल्पकलेच्या परिभाषेत ही वजाबाकीची कला आहे. जिंतूर तालुक्यातील चारठाणा किंवा गंगाखेड तालुक्यातील धारासूर येथील मंदिरांचे पाषाणशिल्प ज्या तत्त्वाने घडले, तेच तत्त्व येथे आहे. नको असलेला भाग काढून टाकला की आकृती उरते, मात्र एकदा काढलेला भाग परत बसविता येत नाही. वाकसाने व पटाशीने दोन-तीन दिवस चालणारे हे काढून टाकण्याचे काम यंत्र काही तासांत उरकते. यंत्राची मदत येथेच संपते. कोणता भाग काढावा, ओंडका कोणत्या बाजूने तडकेल, कान कोठे मोडेल, या प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ नसतात. उलट, वेग वाढल्यामुळे चूक करण्याचा वेगही वाढतो.

लाकडाचा स्वभाव

ताज्या ओंडक्यात पुष्कळ पाणी असते. लाकडातील आर्द्रता सुमारे तीस टक्क्यांच्या खाली उतरू लागली की लाकूड आकसू लागते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते नगण्य असते. वाढीच्या वलयांच्या दिशेने मात्र ते, गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या तुलनेत, साधारण दुप्पट असते. या विषमतेमुळे अखंड ओंडक्याला गाभ्यापासून सालीपर्यंत उभी भेग पडते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर चढणाऱ्या परभणीच्या कोरड्या हवेत बाहेरचा थर आतल्यापेक्षा फार लवकर वाळतो आणि भेग अधिक रुंद होते.

भेग टाळता आली नाही तरी तिची जागा ठरविता येते. शिल्पाच्या पाठीमागून गाभ्यापर्यंत एक सरळ चीर आधीच दिली की ताण तेथेच मोकळा होतो आणि दर्शनी भाग बहुतांशी अभंग राहतो. तळातून गाभा पोखरून काढणे, कापलेल्या टोकांना मेण लावणे आणि शिल्प ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत सावकाश वाळविणे, हे इतर उपाय आहेत.

हे शास्त्र ग्रामीण सुताराला नवे नाही. बैलगाडीच्या चाकाचा बाभळीचा तुंबा ओल्या लाकडाचा केला तर तो वाळल्यावर आरे खिळखिळे होतात, हे त्याला ठाऊक असते. म्हणूनच लाकूड मुरवून वापरण्याची शिस्त या व्यवसायात रुजली. ट्रॅक्टर, लोखंडी अवजारे आणि रबरी टायरच्या गाड्या आल्यानंतर तिफण, वखर व चाके घडविण्याचे काम ओसरले. काम गेले की त्यासोबतचे ज्ञानही जाते, आणि हे ज्ञान कोणत्याही यंत्रासोबत विकत मिळत नाही.

स्थानिक लाकडांचे गुणधर्मही ध्यानात घ्यावे लागतात. बाभूळ टणक व जड असल्याने वाळल्यावर साखळी लवकर बोथट करते. कडुनिंबाचे मध्यकाष्ठ तांबूस व किडीला बऱ्यापैकी दाद न देणारे असते, परंतु त्याचे तंतू परस्परांत गुंतलेले असल्याने पृष्ठभाग उचकटण्याची शक्यता असते. आंब्याचे लाकूड कापण्यास सोपे, पण भुंगेऱ्यांना लवकर बळी पडणारे असते. रस्त्याकडेच्या झाडांत फलकांसाठी ठोकलेले खिळे दडलेले असतात. बाभळीसारख्या टॅनिनयुक्त लाकडात लोखंडाभोवती उमटणारा निळसर काळा डाग ही त्यांची खूण होय.

बैलाची घडण

महाराष्ट्रात लाकडी प्राण्याची सर्वांत जिवंत परंपरा विदर्भातील तान्ह्या पोळ्याची आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून मिरवितात. नागपूरच्या भोसले घराण्यातील दुसरे रघुजी यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केल्याचे सांगितले जाते. हातात मावणाऱ्या बैलापासून माणसाच्या उंचीच्या नंदीपर्यंत त्याचे आकार असतात. मराठवाड्यात पोळ्याला घरोघरी मुख्यत्वे मातीचे बैल पूजले जातात. तथापि, लाल कंधारीसारख्या देखण्या गोवंशाच्या या प्रदेशात बैलाच्या अंगकाठीची जाण सर्वत्र आहे. प्राणिशिल्पासाठी हा विषय स्वाभाविक ठरतो.

उभ्या ओंडक्यात पाय दुमडून बसलेला नंदी सर्वांत सुरक्षित बसतो, कारण त्यात बारीक व सुटे अवयव कमी असतात. प्रथम ओंडक्याच्या समोरील व बाजूच्या अंगावर खडूने आकृती रेखाटली जाते. नंतर मोठ्या सपाट छेदांनी वशिंड, मान आणि पुठ्ठा यांचे ठोकळे वेगळे केले जातात. तपशील मागाहून येतो. शिंगे व कान तंतूंच्या आडव्या दिशेने बाहेर आल्यास सहज मोडतात. म्हणून शिंगे वेगळ्या लाकडाची, तंतू लांबीला ठेवून कोरतात व खुंटीने बसवितात. डोळे, नाकपुड्या आणि गळ्याची पोळी यांसाठी शेवटी पटाशीच हाती घ्यावी लागते. पूर्ण वाळलेल्या शिल्पाला जवसाचे तेल देतात. वाळवी लागू नये म्हणून ते मातीवर न ठेवता दगडी ओट्यावर बसवितात.

सुरक्षितता आणि कायदा

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागताच करवत क्षणार्धात वर व चालकाकडे उसळते. गंभीर अपघातांचे हे एक प्रमुख कारण आहे. कोरीव कामात टोकाचाच वापर अधिक असल्याने हा धोका वाढतो, आणि अरुंद टोकाची पट्टी तो कमी करते. शिरस्त्राण, चष्मा, कर्णरक्षक, कापरोधक विजार व बूट यांवाचून काम करू नये. उपरणे, गमछा वा सैल सदरा साखळीत अडकण्याचा धोका असतो. यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. सततच्या कंपनांमुळे बोटांचा रक्तपुरवठा मंदावण्याचा विकारही जडू शकतो.

दुसरा प्रश्न लाकूड कोठून यावे हा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, चंदन, मोह, आंबा, चिंच, जांभूळ आदी वृक्ष येतात. नागरी क्षेत्रासाठी १९७५ चा स्वतंत्र वृक्षसंरक्षण कायदा आहे. परंतु कायद्यापलीकडेही या जिल्ह्यापुरते एक बंधन स्वतःहून पाळले पाहिजे. जेथे झाडेच विरळ आहेत, तेथे शिल्पासाठी उभे झाड तोडणे समर्थनीय ठरत नाही. वाळलेले, उन्मळलेले किंवा रीतसर परवानगीने काढलेले झाडच या कलेचा कच्चा माल असावा.

समारोप

साखळी-करवत हे झाड संपविणारे यंत्र म्हणून ओळखले जाते. तेच पडलेल्या झाडाला दुसरे आयुष्य देऊ शकते, मात्र ते चालविणाऱ्याला लाकूड कळत असेल तरच. महाविद्यालयांच्या आवारात पडलेला एखादा कडुनिंब सरपणाच्या लिलावात काढण्यापूर्वी त्याचा बुंधा राखून ठेवणे, गावातील जाणत्या सुताराला मार्गदर्शक म्हणून सन्मानाने बोलावणे आणि वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र व कला या विषयांच्या विद्यार्थ्यांना त्याच्यासोबत बसविणे, ही अल्प खर्चात होण्याजोगी गोष्ट आहे. यंत्र केव्हाही आणता येईल. ओंडक्याकडे पाहून भेग कोठे पडेल हे सांगणारे वृद्ध कारागीर मात्र फार काळ उपलब्ध राहणार नाहीत.