पिंपावरचा आरसा

केसाच्या जाडीचा हजारावा भाग. दुर्बिणीचा आरसा याहून जास्त चुकला, तर शनीची कडी आणि गुरूचे पट्टे धूसर दिसू लागतात. इतकं नेमकं काम डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत, पाण्यानं भरलेल्या निळ्या पिंपावर आणि निव्वळ हातानं होतं, हे ऐकून खरं वाटत नाही. ते पाहायलाच जावं लागतं.

पिंपाभोवती फिरणारे गृहस्थ रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणतात. पिंपावर फळी, फळीवर तीन लाकडी गुटक्यांत घट्ट बसवलेली सहा इंच व्यासाची जाड काच, तिच्यावर चिमूटभर कार्बोरंडमची भुकटी, थोडं पाणी आणि वर तशीच दुसरी काच. वरची काच दोन्ही तळव्यांनी पुढे न्यायची, मागे आणायची. पाच-सहा वेळा घासून झालं की ती हातातच जराशी वळवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. शेजारची नववीतली मुलगी मदतीला येते.

"काका, जोर लावू?"

"नको गं. काचेचं वजन पुरतं. तू फक्त सावकाश ने."

वरची काच पुढे सरकली की तिचा मधला भाग खालच्या काचेच्या कडेवर येतो. दाब तिथे एकवटतो. म्हणून वरची मध्यावर झिजत खोलगट होते आणि खालची कडेला झिजून फुगीर. जिथे उंचवटा राहतो तिथे घर्षण जास्त, त्यामुळे तो आपसूक उतरतो. कुठेही सरकवलं, कसंही वळवलं तरी दोन पृष्ठभाग एकमेकांना सगळीकडे टेकलेले राहायचे, तर ते गोलाचेच भाग असावे लागतात. घासणाऱ्याचा हात प्रत्येक खेपेला थोडा वेगळा पडतो आणि हा अनियमितपणाच इथे कामाला येतो. एकाच रेषेत, एकसारखं घासणाऱ्या हातानं काचेवर वळ्या उमटतील. यंत्राला जे मुद्दाम शिकवावं लागतं, ते माणसाच्या हातात मुळातच असतं.

चार फूट नाभीय अंतराच्या या आरशाला मध्यभागी खोली लागते जेमतेम १.२ मिलिमीटर. ती ८० नंबरची भरड भुकटी आणते. मग १२०, २२०, ४०० आणि ६००, अशी टप्प्याटप्प्यानं बारीक होत जाणारी भुकटी. दर वेळी भुकटी बदलताना पिंप, फळी, हात, नखं, सगळं धुऊन काढायचं, कारण भरड भुकटीचा एक कण मागे राहिला तरी ओरखडा पडतो. त्यासाठी काकांनी पाचही टप्प्यांचे पंचे वेगळे ठेवलेत.

त्यानंतरचा वास मात्र विसरता येत नाही. पॉलिशसाठी राळ आणि थोडं एरंडेल एकत्र वितळवतात. राळ धुपातही असते, त्यामुळे बाल्कनीत काम चाललेलं असलं तरी घरभर देवघराचा वास पसरतो. राळ पेट घेते म्हणून काकूंनी स्वयंपाकघराचा गॅस या कामाला कायमचा बंद केला आहे आणि त्यांचं बरोबरच आहे. थंड झालेल्या राळेवर काका अंगठ्याचं नख दाबून बघतात. खूण उमटायला हवी, पण सहज नको. मग त्या थरावर चौकटी पाडायच्या, सिरियम ऑक्साइडचं पाणी लावायचं आणि पुन्हा घासायचं, तासन्‌तास.

या कामाचा सर्वांत प्रसिद्ध वेडा म्हणजे विल्यम हर्शेल. इंग्लंडमधल्या बाथ गावातला हा संगीतशिक्षक राहत्या घरी धातूचे आरसे ओतून घासायचा. एका सात फुटी दुर्बिणीच्या आरशावरून त्यानं सलग सोळा तास हात काढले नव्हते, असं त्याची बहीण कॅरोलिन हिनं नोंदवून ठेवलं आहे. अशा वेळी ती त्याला घास भरवायची आणि पुस्तक वाचून दाखवायची. १३ मार्च १७८१ रोजी घरी बनवलेल्या दुर्बिणीतून त्याच घरामागच्या बागेत हर्शेलला युरेनस सापडला. या गोष्टीतलं कॅरोलिनचं काम सांगणारे गाळतात. ते गाळू नये.

पण अचूकता मोजायची कशी? केसाच्या हजाराव्या भागाला कुठली पट्टी लावणार? फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेआँ फूको यानं १८५८ साली दाखवलेली युक्ती आजही चालते. हॉलमधले दिवे बंद करायचे. आरशापासून सुमारे २.४ मीटरवर, म्हणजे त्याच्या वक्रताकेंद्रापाशी, बारीक फटीतून प्रकाश सोडायचा आणि परतून येणाऱ्या किरणांत ब्लेडची धार हळूहळू सरकवायची. आरसा नेमका गोलाकार असेल तर सगळा एकदम राखाडी होतो. दोष असेल तर सावल्यांचे डोंगर-दऱ्या दिसतात. काकांनी मुलीला आरशावर अंगठा क्षणभर टेकवायला सांगितला आणि मग ब्लेडमागून बघायला लावलं. अंगठ्याच्या उबेनं काच फुगली होती. तिथे टेकाड उभं होतं, साफ दिसणारं. काच निवत गेली तसं ते विरलं. मुलगी नंतर बराच वेळ तिथून हलली नाही.

गोलाकारावर थांबून चालत नाही. तारा एका बिंदूत आणायचा तर आरसा परवलयाकार हवा. या आरशाच्या कडेपाशी दोन आकारांतला फरक मिलिमीटरच्या सुमारे साडेतीन हजाराव्या भागाएवढा. तो साधला की ब्लेडखाली मधोमध खळगा असलेला मेदूवडा दिसतो. हे नाव काकूंनी दिलेलं. पहिल्या आरशाला सगळे मिळून तीस-चाळीस तास लागतात, असा काकांचा हिशेब आहे. ॲल्युमिनियमचा मुलामा तेवढा निर्वात यंत्रात, बाहेरून करून घ्यावा लागतो.

अमेरिकेत रसेल पोर्टर यानं १९२० साली स्प्रिंगफील्डच्या कारखान्यांतल्या कामगारांना आरसे घासायला शिकवलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात राहणाऱ्या जॉन डॉबसन यानं जहाजाच्या खिडक्यांच्या काचांतून मोठमोठे आरसे काढले आणि फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवला. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाशाची ओढ लावते आहे आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनं दुर्बीण बांधण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. तरीही शाळा विज्ञान प्रदर्शनासाठी खोक्यावर 'पाचशेपट' छापलेली, डगमगत्या तिकाटण्यावरची दुर्बीण विकत घेतात. आरशाच्या व्यासाला इंचामागे पन्नासपटींपलीकडे फारसं काही हाती लागत नाही, हे खोक्यावर नसतं. त्या पैशांत काचेच्या दोन चकत्या आणि भुकटी आणली, तर वर्गातल्या प्रत्येकाचा हात आरशाला लागेल.

सुरुवात मात्र लहानापासून करा. आधी चार इंची आणि मग सहा इंची आरसा घासणाऱ्याचं काम एकदम सहा इंचीला हात घालणाऱ्याच्या आधी पुरं होतं, असं हे काम करणारे जगभर सांगतात. आणि तयार दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नका. त्यानं डोळा जातो.