देवगांडुळाचा कणा

पावसाळ्यात कोकणात माती उकरताना कधी वीतभर लांबीचा, ओलसर, वळ्यावळ्यांचा जीव वर येतो. गांडूळ म्हणावं तर त्याला जबडा आहे, दात आहेत, आत चक्क पाठीचा कणा आहे. साप म्हणावा तर कातडी बेडकासारखी गुळगुळीत, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक बारीकसा स्पर्शक, जो कुठल्याच सापाला नसतो. हे देवगांडूळ, बेडकाचं चुलत भावंड; बिचारं सापाचं पिल्लू समजून मारलंही जातं. आंबोलीतल्या एका जातीला शास्त्रीय नाव मिळालं ते २००३ साली.

प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला इथे हमखास शंका येते: बेडकाला चार पाय, याला एकही नाही, मग दोघे उभयचर कसे? शंका रास्त आहे, पण पाय नसणं हा पुरावाच कच्चा. बिळात घुसणाऱ्याला पाय अडचणीचेच. साप आणि काही सरडे यांनीही ते आपापल्या वाटेनं गमावले. शिवाय ॲरिझोनातल्या ज्युरासिक खडकांत सापडलेल्या इओसिसिलिया या देवगांडुळाच्या जुन्या नातेवाइकाला इवलेसे चार पाय होते. मातीत राहून रूप बदलतं. कवटी आणि कातडी मात्र घराणं सांगत राहतात.