ठुमरीच्या घरातला गडगडाट

अनंत चतुर्दशीला जुन्या नाशकात वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते, तेव्हा ढोल कानाच्या आधी छातीला लागतो. वर ताशाची तर्री सलग कोसळत असते, खाली ढोलांचा ठोका, आणि हात बदलला की अख्खं पथक एका क्षणात वळतं. या आवाजात वाढलेल्या माणसाची जॅझ-रॉक ऐकायची निम्मी तयारी आधीच झालेली असते, असं मला ठामपणे वाटतं. तरीही नुसता गोंगाट म्हणून आपण त्या संगीताला उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. उरलेली तयारी ज्यांच्याकडून करून घ्यावी, ते मायलेक आपलेच आहेत: शोभा गुर्टू आणि त्रिलोक गुर्टू.

शोभाताई माहेरच्या भानुमती शिरोडकर. जन्म बेळगावचा, १९२५ सालचा. आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकी आणि गायिका, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. शोभाताईंची ठुमरी, दादरा, कजरी, त्यांचा तो किंचित जाड, दुखरा स्वर मराठी रसिकाला परिचित आहे. १९७८ सालच्या ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ या चित्रपटातलं त्यांचं गाणं घरोघरी पोचलं, २००२ साली पद्मभूषणही मिळालं. पण त्या चित्रपटाच्या आदल्याच वर्षी म्युनिकच्या ‘एम्ब्रियो’ या जर्मन बँडची ‘अपो-कॅलिप्सो’ नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यावर पंचविशीतल्या त्रिलोकची तालवाद्यं आहेत आणि शोभाताईंचा आवाज आहे. हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. पन्नाशी ओलांडलेली, ठुमरीत नाव कमावलेली गायिका विजेची गिटार आणि ड्रम वाजवणाऱ्या परदेशी पोरांसोबत गायला उभी राहते, यातलं धाडस मला मुलाच्या धाडसापेक्षा मोठं वाटतं. मुलाला नाव कमवायचं होतं. आईने कमावलेलं पणाला लावलं.

एम्ब्रियोची मंडळीही तशीच वेडी. क्रिस्टियान बुर्खार्ड या ड्रम आणि व्हायब्राफोन वाजवणाऱ्या माणसाने १९६९ मध्ये हा बँड उभा केला. पुढे १९७८-७९ मध्ये ते बसगाड्या घेऊन इराण, अफगाणिस्तानमार्गे खुष्कीच्या वाटेने भारतात आले आणि वाटेत भेटेल त्या वादकाबरोबर वाजवत राहिले. त्या प्रवासावर पुढे माहितीपटही निघाला.

जॅझ आणि रॉक यांची ही सोयरीक जमली ती एम्ब्रियो उभा राहिला त्याच सुमारास. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकचा प्रचंड रॉक महोत्सव आटोपला आणि दुसऱ्याच दिवशी, १९ तारखेला, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने ‘बिचेस ब्रू’चं ध्वनिमुद्रण सुरू केलं. तीन दिवस चाललेल्या त्या कामात एकाहून जास्त ड्रमवादक, दोन-तीन इलेक्ट्रिक पियानो आणि जॉन मॅक्लॉक्लिन नावाचा एक इंग्रज गिटारवादक होता. वादकांना पूर्ण रचना लिहून दिलेली नव्हती. एखादी सुरावट, एखादा ठेका, माइल्सची एखादी खूण, एवढ्यावर सगळे सुटायचे. मग टिओ मॅसेरो या निर्मात्याने त्या फिती कापून, जोडून, हवे ते तुकडे पुन्हापुन्हा वापरून रचना बांधल्या. १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये तर माइल्सने बादल रॉय यांचा तबलाही त्या रेट्यात ओढला. मॅक्लॉक्लिनने १९७१ मध्ये स्वतःचा ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला, आणि मग चारचार मात्रांत सुखाने चालणाऱ्या रॉकची चालच बिघडली. ‘द डान्स ऑफ माया’ ही त्यांची रचना दहाच्या मापात चालते. झपतालावर पोसलेल्या आपल्या कानाला दहाचं भय नाही. पश्चिमेकडच्या रॉकप्रेमींना मात्र सम कुठे, हेच कळेना.

या संगीतातला रांगडेपणा येतो कुठून? एक उगम यंत्रात आहे. ॲम्प्लिफायरला पेलवेल त्यापेक्षा जास्त जोर दिला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात, मूळ सुरात नसलेले वरचे स्वरांश उगवतात आणि गिटार गुरगुरू लागते. दुसरा उगम कातड्यात. तबल्याच्या पुडीवरची शाई कातड्याचे बेसूर स्वरांश जवळजवळ सुरेल जागी आणून बसवते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली हे दाखवून दिलं. ढोलाच्या पानावर अशी शाई नसते, म्हणून त्याचा आवाज एका सुरावर ठरत नाही, पसरतो आणि अंगात घुसतो. तिसरा उगम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन लयी वादक हट्टाने शेजारीशेजारी चालवतात, आणि त्या कधी भेटतील या ताणावर ऐकणाऱ्याला टांगून ठेवतात. ताण हवा असेल तर मापं पक्की लागतात. ज्याला सम ठाऊक नाही त्याला ती चुकवताही येत नाही.

त्रिलोक गुर्टू या तिसऱ्या गोष्टीचा उस्ताद. जन्म मुंबईचा, १९५१ चा. लहानपणी तबला, घरात अहोरात्र गाणं. सत्तरच्या दशकात युरोप गाठून त्याने डॉन चेरीसारख्या मुक्त जॅझमधल्या दादा माणसांबरोबर वाजवलं. ‘ओरेगॉन’ या अमेरिकन चमूतला कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेला, तेव्हा ती रिकामी जागा पुढे त्रिलोकने घेतली. त्याची मांडणी बघण्यासारखी. ड्रमवादकाचं स्टूल नाही. हा गडी जमिनीवर, गुडघ्यावर बसतो. एका बाजूला तबला, समोर आडवे ड्रम, भोवती झांजा, आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली. वाजती थाळी तो तिच्यात बुडवतो. पाण्याचं ओझं कंपनांवर पडून सूर खाली घसरतो, बाहेर काढली की वर चढतो. धातूच्या तुकड्यातून अशी मींड काढायची कल्पना ठुमरीच्या घरात वाढलेल्या माणसालाच सुचावी!

त्याचं उत्तम दर्शन मॅक्लॉक्लिनच्या त्रिकुटात घडतं. नोव्हेंबर १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात एका जागी वाद्यं बाजूला ठेवून तोंडी बोलांची फेक सुरू होते. ती पढंत कुठल्याही तबला क्लासमधल्या मुलाला ओळखू येईल. वेग मात्र त्याचे डोळे पांढरे करील.

आणि मग १९८८ ची ‘उस्फ्रेत’, त्रिलोकची स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका. डॉन चेरी, ‘ओरेगॉन’मधला राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर, असा सगळा जमाव; आणि मध्यभागी पुन्हा आई. पहिल्याच रचनेचं नाव ‘शोभारॉक’. तिच्यात शोभाताईंनी आपली गायकी पाश्चात्त्य केलेली नाही, आवाजाला मुरड घातलेली नाही. त्या गातात तशाच गातात, आणि भोवतीचा बास व ड्रमचा मारा त्यांच्या स्वराला जागा करून देतो. मिश्र संगीताच्या नावाखाली पुढे जे गुळगुळीत काम झालं, सतारीचा तुकडा इथे, तबल्याचा तुकडा तिथे, त्याच्याशेजारी ‘शोभारॉक’ ठेवून पाहावं. इथे कुणी कुणाला शोभेसाठी बोलावलेलं नाही.

असा रांगडा जोर शोधायला नाशिककराला म्युनिकपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात सुरगाणा, पेठच्या डोंगरांत भोपळा आणि बांबूची पावरी वाजते. तिचा सूर तुटत नाही. वादक गालात हवा धरून नाकाने श्वास घेत राहतो. रोलंड कर्कसारखे सॅक्सोफोनवादक याच युक्तीसाठी वाखाणले गेले. बोहाड्याच्या रात्री मुखवट्यांची सोंगं नाचतात, तेव्हा संबळाच्या दोन तोंडांतून, एक चढं आणि एक खर्जातलं, लय जी ओढाताण करते, तिला प्रयोगशील म्हणायला आपली जीभ का अडखळते? प्रयोग म्हणजे शहरातला, शिकलेल्यांचा, ही समजूत टाकून द्यायला हवी.

ऐकायला बसाल तेव्हा आधी सूर शोधू नका. बास किंवा बायां पकडा, टाळी लावा, समेवर परत येता येतं का ते बघा. दोन-तीनदा चुकेल, मग हाताला लागेल. ‘शोभारॉक’पासून सुरुवात करावी, मग लंडनची मैफल, आणि ‘बिचेस ब्रू’ शेवटी; ती सोपी नाही. एक इच्छा मात्र इथल्या आयोजकांकडे मांडते. महाकवी कालिदास कलामंदिरात एका संध्याकाळी सुरगाण्याची पावरी, गोंधळ्यांचा संबळ, शहरातलं एक ढोल पथक आणि मुंबईचे दोन-तीन जॅझ वादक एकत्र बसवा. लिहून काहीच देऊ नका. दहा मात्रांचा एक ठेका ठरवा आणि वाजवायला सांगा.