घोट्यावरची न भरणारी जखम आणि रक्त पातळ करणारी औषधे

लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपॅथी या दुर्मीळ आजारात घोट्याभोवती आणि पावलाच्या वरच्या बाजूला लहान, पण असह्य ठणकणाऱ्या जखमा होतात. त्या महिनोन्‌महिने चिघळतात. भरल्या तरी मागे पांढरा, खोलगट, ताऱ्यासारखा वण उरतो आणि त्याच्या कडेने बारीक लाल ठिपके दिसतात. पूर्वी हा रक्तवाहिन्यांचा दाह समजून रुग्णांना स्टेरॉइड दिली जात. मूळ बिघाड वेगळाच असतो: त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्तपुरवठा तुटतो आणि वरची कातडी मरते. बायॉप्सीत हे दिसते.

म्हणूनच रक्त पातळ करणारी औषधे, म्हणजे हेपॅरिनची इंजेक्शने, वॉरफॅरिन किंवा रिव्हारोक्साबॅनच्या गोळ्या देतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत रिव्हारोक्साबॅन घेणाऱ्यांच्या वेदना 12 आठवड्यांत खूपच कमी झाल्या. रुग्ण मोजके होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरी ठणक्याने रात्र रात्र जागणाऱ्यांसाठी हा दिलासा मोठाच.

धोका अर्थात रक्तस्रावाचा. वॉरफॅरिन चालू असताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) वरचेवर तपासावा लागतो. हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा पाळीत अतिस्राव दिसल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे.